बावीस पोती

"मॅडम, गाडी तिथंच राहू द्या. आधी टाकीवर चला."

टाकी सांभाळणारे साळवेमामा केंद्राच्या फाटकात उभे होते. त्यांची रात्रपाळी सहाला संपायची. आता आठ वाजून गेले होते, तरी ते घरी गेले नव्हते. डोक्यावरची टोपी हातात होती. अडीच वर्षांत मी त्यांना बिनटोपीचं पाहिलं नव्हतं.

"काय झालं?"

"चला म्हनतो ना."

मी स्कूटर भिंतीला टेकवली आणि त्यांच्यामागून निघाले. शहरातून येताना रस्त्याच्या दोन्ही कडांना जंतुनाशकाच्या पांढऱ्या पावडरीच्या रेघा मारलेल्या दिसल्या होत्या. कोणी मोठा माणूस येणार असला की आमची पळसपूर नगरपालिका हे करतेच. खड्डे तसेच, तुंबलेली गटारं तशीच, पण कडेला पांढरी रेघ पडली की शहर स्वच्छ झालं असं धरून चालायचं. त्या बुधवारी अकरा वाजता मंत्री आमचं सांडपाणी केंद्र बघायला यायचे होते. आदर्श केंद्र म्हणून आमची निवड जवळजवळ ठरली होती. येताना त्या रेघा बघून मी हसले होते, हेही मला नीट आठवतं.

मोठ्या टाकीच्या कठड्याशी मामा थांबले. मी खाली वाकून पाहिलं आणि आधी मला काही कळेचना. आमच्या टाकीतलं पाणी गुळवण्याच्या रंगाचं असायचं, दाट तपकिरी, आणि खालून हवा सोडलेली असल्यामुळे सारखं उकळत असल्यासारखं दिसायचं. त्याला वासही घाणीचा नसायचा. नांगरलेल्या ओल्या रानाचा असतो तसा वास यायचा. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांचा यावर विश्वास बसत नाही, पण ज्या दिवशी टाकीला घाणीचा वास आला त्या दिवशी काहीतरी बिघडलेलं असायचं. आज पाणी फिकट पडलं होतं. वर पांढराफटक फेस होता आणि नाकातोंडात पावडरीचा झणझणीत वास जात होता.

"किती टाकली?" मी विचारलं.

"बावीस पोती."

"बावीस?"

"तीस आनली होती ट्रॅक्टरमधनं. रस्त्याला आठ लागली. मुळीकसाहेब म्हनले, उरलेली परत नेऊन काय करू. हितं वास मारतोय, टाका आत."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

मामांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मी हात धरला त्यांचा. म्हनलं साहेब, आत जिती हाईत, मरतील. तर म्हनले, साळव्या, जल्म मैल्यात गेला तुझा, तुला वास कळायचा बंद झालाय."

आत जिती आहेत म्हणजे काय, ते सांगायला हवं. सांडपाणी केंद्रात यंत्रं पाणी साफ करत नाहीत. यंत्रं फक्त हवा सोडतात आणि पाणी ढवळतात. साफ करतात ते जिवाणू. शहराचं सगळं मैलापाणी त्या टाकीत येतं आणि डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव ते खातात, पोटं भरली की गोळे होऊन तळाशी बसतात आणि वरचं निवळ पाणी आरणा नदीत सोडता येतं. साळवेमामा त्यांना 'आपली जनावरं' म्हणायचे. दिवाळीत निम्मं शहर गावाला गेलं की येणारं पाणी पातळ व्हायचं आणि जनावरं उपाशी पडायची. तेव्हा मामा गूळ भिजवून टाकीत सोडायचे. केंद्र सुरू करताना पहिलं विरजण म्हणून शेणाची रबडी घातली होती, तीही त्यांनीच कालवली होती. मामांच्या वडिलांनी याच शहरात डोक्यावरून मैला वाहिला होता. मामा शाळेत चौथीपर्यंत गेलेले, पण सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवून पाणी कसं आहे ते माझ्याआधी सांगायचे.

मी केंद्रातली केमिस्ट होते, ज्योत्स्ना हिंगे, वय सत्तावीस, नोकरी हंगामी. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक टेबल आणि तो सूक्ष्मदर्शक. मी टाकीतला थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. एरवी त्या काचेवर नुसती गडबड असायची. देठावरच्या घंटांसारखे दिसणारे जीव आखडायचे, सुटायचे, कोणी गोल फिरायचं, कोणी दुसऱ्याला गिळायचं. आज सगळं जागच्या जागी थांबलेलं होतं. मी काच सरकवत सरकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. दुसरी काच घेतली. तिसरी घेतली. तेव्हा साडेआठ वाजले होते.

"एक बी न्हाई?" मामांनी मागून विचारलं.

"नाही."

ते बाहेर गेले आणि पायरीवर बसले.

तेवढ्यात मुळीक आला. हा नगरपालिकेचा स्वच्छता निरीक्षक. इस्त्रीचा सफारी, हातात वॉकीटॉकी, आणि चेहऱ्यावर लग्न वेळेवर लावल्याचं समाधान.

"काय मॅडम, वास गेला की नाही?" तो म्हणाला. "पहाटे पाचपासून माणसं लावली होती. ठिपक्याएवढी घाण दाखवा."

"मुळीक, तुम्ही केंद्र मारून टाकलंत."

"म्हणजे?"

"त्या टाकीत जिवाणू होते. तेच पाणी साफ करत होते. तुम्ही सगळे मारलेत."

तो हसला. तो खरंच हसला. "मॅडम, जंतू मारायलाच असते ना पावडर? मग बरंच झालं की."

मी त्याला काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. माझा आवाज फाटकापर्यंत गेला असणार, कारण हारांच्या परड्या घेऊन आलेली माणसं दारात थबकून बघू लागली. मुळीक आधी गोंधळला, मग त्याला राग आला. बाई माणसानं चारचौघांत आवाज चढवावा हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. "साहेबांशी बोला," म्हणाला आणि मंडप बघायला निघून गेला. त्याला आपलं काय चुकलं हे कळलं नव्हतं. आजही कळलं असेल असं मला वाटत नाही.

साहेब म्हणजे मुख्याधिकारी शिरोळकर. ते दहाला आले. माणूस हुशार होता, इंजिनिअर होता, मी काय म्हणते ते त्यांना दोन वाक्यांत समजलं. त्यामुळेच माझा त्यांच्यावरचा राग मुळीकवरच्या रागापेक्षा मोठा आहे आणि इतका जुना होऊनही कमी झालेला नाही.

"पाणी बाहेर कधी खराब दिसेल?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या टाकीत कालचं निवळ पाणी आहे. तीन-चार वाजेपर्यंत ते निघून जाईल. मग शहरातून येतंय तसंच नदीत."

"म्हणजे अकराला काही दिसणार नाही."

"सर, खाली तरवाडी आहे."

"मला माहीत आहे तरवाडी कुठं आहे. कार्यक्रम होऊ द्या, मग बोलू."

तरवाडी आमच्या केंद्राच्या खाली चार किलोमीटरवर, नदीकाठी. वस्ती बाराशेची. त्यांची पिण्याच्या पाण्याची विहीर नदीच्या पात्रातच आहे. केंद्र व्हायच्या आधी आख्ख्या पळसपूरची गटारं आरणेत जायची आणि ते पाणी पाझरून तरवाडीच्या विहिरीत यायचं. एका उन्हाळ्यात गावात काविळीची साथ आली. त्यात अनसूया परसे या बाईंचा एकोणीस वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर आठ वर्षं गावानं त्या विहिरीला हात लावला नाही. पाणी टँकरनं यायचं, आलं तर.

केंद्र सुरू झालं. वर्षभर मी नदीचं पाणी तपासलं, आणि मगच कागद आणि काचेचा चंबू घेऊन तरवाडीच्या शाळेत बायकांच्या सभेला गेले. त्यांना सांगितलं, विहीर सुरू करा, पाणी चांगलं आहे. सगळ्या बायका अनसूयाबाईंच्या तोंडाकडे बघत होत्या. त्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

"आनि उद्या तुमचं यंत्र बिघडलं तर?" त्यांनी विचारलं. "आमाला कोन सांगनार?"

"मी सांगेन," मी म्हणाले. "ज्या दिवशी बिघडेल त्याच दिवशी, मी स्वतः येऊन सांगेन."

"सोता?"

"स्वतः. माझ्या गाडीवर."

"पुन्ना एकदा सांगा," त्या म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवरची मोटर सुरू झाली.

तर अकरा वाजता मंत्री आले. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "कमाल आहे. अजिबात वास नाही." शिरोळकर नम्रपणे हसले. मंत्र्यांनी शेवटच्या टाकीतलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हात धरलं, फोटो निघाले. ते पाणी खरंच नितळ होतं, कारण ते आदल्या दिवसाचं होतं, जनावरं जिवंत असतानाचं. मग मंडपात सत्कार झाले. मुळीकला शाल आणि नारळ मिळाला. साळवेमामांना कोणी बोलावलं नाही, ते पंपाच्या खोलीमागं बसून होते. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, टाळ्या वाजवल्या नाहीत. उठून बोलावं असं मला तीनदा वाटलं. तिन्ही वेळा मी खुर्चीचा हात धरून बसून राहिले.

चार वाजता नदीकाठी, आमच्या पाइपाच्या तोंडाशी जाऊन पाहिलं. पाइपातून धुण्याच्या पाण्यासारखं पांढुरकं पाणी पडत होतं. त्याच्या खाली काठाला चिलापीचे मासे उलटे होऊन लागले होते. मी बाटलीत पाणी भरलं आणि तशीच नगरपालिकेत गेले. शिपायानं थांबायला सांगितलं, मी थांबले नाही.

शिरोळकरांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि टेबलाखाली ठेवून दिली.

"किती दिवस लागतील सुधारायला?"

"शेजारच्या शहरातून तयार गाळ आणला, शेण घातलं, तर पंधरा-वीस दिवस. तोपर्यंत घाण जाणारच. तरवाडीला आत्ता कळवायला हवं, सर. मोटर बंद करायला हवी. टँकर पाठवायला हवेत."

"कळवू. टँकरचंही बघतो. पण हिंगे, शुक्रवारी निवड समितीचा अहवाल मुंबईला जातोय. दोन दिवस. दोन दिवस तोंड बंद ठेवायला मी सांगत नाहीये, फक्त बोभाटा नको. तरवाडीच्या सरपंचांना मी स्वतः फोन करतो."

"माझ्यासमोर करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोन उचलला, वहीत बघून नंबर फिरवला, कानाला लावून थांबले. मलाही ऐकू येईल असा त्यांनी तो किंचित पुढे केला. लाइन व्यस्त असल्याचा आवाज येत होता.

"लागत नाही. संध्याकाळी करतो," ते म्हणाले.

"मग मीच जाते."

"तुम्ही कोण म्हणून जाणार? उद्या कोणी आजारी पडलं तर म्हणतील, नगरपालिकेच्या बाईनंच कबूल केलं. निरोप अधिकृत जायला हवा. मी सांगितलं ना, मी करतो." मग त्यांनी टेबलावरची एक फाइल नुसती इकडची तिकडे ठेवली. तिच्यावर माझं नाव होतं. कायम करायच्या लोकांची यादी त्या महिन्यात निघणार होती, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. "आणि रोजची वही नेहमीसारखी भरा. ती समितीला लागेल."

मी केंद्रावर परत आले. वही उघडली. मंगळवारचे आकडे बघून थोडे इकडेतिकडे करून बुधवारचे लिहिले आणि खाली सही केली. साळवेमामा दारात उभे राहून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "तरवाडीला कळवलं का?" मी म्हणाले, "साहेब फोन करतायत." मग ते घरी गेले.

गुरुवारी मी जन्मात केलं नाही एवढं काम केलं. सकाळी सातला शहरातल्या सगळ्या गोठ्यांवर माणसं पाठवली. शेणाच्या पाट्या यायला लागल्या. मामा आणि मी मोठ्या हौदात कोपरापर्यंत हात घालून शेण कालवत होतो आणि गाळून टाकीत सोडत होतो. दुपारी शेजारच्या शहरातल्या केंद्रातून गाळाचा टँकर आला. गुळाच्या ढेपा फोडल्या. आणि हे सगळं करताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, मुळीक आणि शिरोळकर. मुळीकचं ते हसणं, शाल, नारळ. शिरोळकरांनी बाटली टेबलाखाली ठेवली ती. मी मनातल्या मनात त्यांना इतकी बोलत होते की मामांनी दोनदा विचारलं, "काय म्हनला?" राग माणसाला कामाला लावतो. दिवसभर आपण काहीतरी करतोय असं मला त्या रागामुळे वाटत राहिलं. माझी स्कूटर भिंतीला टेकवलेली होती, तिच्यात पेट्रोल होतं, आणि तरवाडी चार किलोमीटरवर होती. संध्याकाळी सहाला मी त्याच स्कूटरवरून शहराच्या दिशेनं घरी गेले.

शुक्रवारी सकाळी मामा पुन्हा फाटकात उभे होते.

"तरवाडीत जुलाब लागलेत," ते म्हणाले. "दूधवाला सांगत हुता. शाळेत खाटा टाकल्यात. ल्हान पोरंच जास्त हाईत."

मी आत न जाता तशीच गाडी वळवली आणि आधी शिरोळकरांच्या बंगल्यावर गेले. ते व्हरांड्यात चहा घेत होते.

"तुम्ही फोन केला होता?"

"कुणाला?"

"तरवाडीच्या सरपंचांना."

ते क्षणभर खरोखरच आठवत होते. हे मी त्यांना कधी विसरू दिलं नसतं, पण पुढे संधी मिळाली नाही. "अरे," ते म्हणाले, "तो राहून गेला."

"राहून गेला."

"बुधवारी संध्याकाळी मंत्र्यांबरोबर जेवण होतं. काल मुंबईचे लोक होते. गडबडीत... का, काय झालं?"

"पोरं सलाइनवर आहेत."

"कोणी दगावलं तर नाही ना?"

मी त्यांच्यासमोरचं टेबल ढकललं. कपबशी फरशीवर फुटली, चहा त्यांच्या पायजम्यावर उडाला. आतून त्यांच्या पत्नी धावत आल्या. मी म्हणाले, "शिरोळकर, वास येणारी गोष्ट ती टाकी नव्हती." त्या वेळी मला ते वाक्य मोठं बाणेदार वाटलं. आज आठवलं की लाज वाटते, कारण ते बोलायला मी तिथे आधी गेले होते. तरवाडीला नंतर.

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे ते एकदाचं संपेल. मी वहीतल्या बुधवारच्या पानावर लाल शाईनं खरे आकडे लिहिले आणि त्याची नक्कल प्रदूषण मंडळाला पाठवली. नोटीस आली, नोटिशीला उत्तर गेलं, उत्तरावर समिती नेमली, समितीनं चहा घेतला. आदर्श केंद्राचं प्रमाणपत्र आलं आणि नगरपालिकेच्या जिन्यात लागलं. मुळीक बढतीवर गेला. मला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसवलं, तिथे मी पुढची वीस वर्षं काढली. साळवेमामांनी मात्र अठरा दिवसांत टाकी उभी केली. पाणी पुन्हा गुळवण्याच्या रंगाचं झालं त्या दिवशी ते माझ्या खिडकीशी येऊन सांगून गेले. तरवाडीत एकंदर तेहतीस जण आजारी पडले होते. सगळे वाचले. शिरोळकरांनी 'तेहतीस' आणि 'सगळे वाचले' हे दोन्ही तपशील प्रत्येक खुलाशात लिहिले आणि ते खरेच असल्यामुळे त्यांना कोणी काही करू शकलं नाही. या सगळ्याचा मला आजही संताप येतो. भाजी निवडताना येतो, बसमध्ये येतो. माझी मुलगी म्हणते, आई, सोड आता. ती म्हणते ते शिरोळकरांबद्दल. तिला वाटतं मी अजून त्यांच्यावर चिडलेली आहे.

त्या शुक्रवारी मी तरवाडीला पोचले तेव्हा दहा वाजले होते. शाळेच्या व्हरांड्यात ओळीनं खाटा होत्या. सलाइनच्या बाटल्या कपडे वाळत घालायच्या दोरीला लटकवलेल्या होत्या. दोन परिचारिका आणि एक तरुण डॉक्टर धावपळ करत होते. मी पायऱ्या चढताना बायका बोलायच्या थांबल्या, पण कोणी अडवलं नाही.

अनसूयाबाई शेवटच्या खाटेशी खाली बसल्या होत्या. खाटेवर चार वर्षांची एक मुलगी होती, त्यांच्या पुतण्याची. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. सुई निघू नये म्हणून बाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर धरून ठेवला होता. त्यांनी मला पाहिलं. माझ्या तोंडून आल्या आल्या मुळीक, पावडर, शिरोळकर, फोन असं सगळं बाहेर पडायला लागलं. मी किती भांडले, मुख्याधिकाऱ्याला काय बोलले, टेबल कसं ढकललं, सगळं. माझा आवाज पुन्हा चढला होता. त्या माझं बोलणं होईपर्यंत थांबल्या.

"तुमाला कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

मला एवढंच एक उत्तर द्यायचं होतं आणि त्याला एका क्षणाहून जास्त वेळ लागायला नको होता.

"परवा," मी म्हणाले. "सकाळी साडेआठला."

त्यांनी मान हलवली. शिवी दिली नाही, आवाज वाढवला नाही. मी वाट बघत होते. मला वाटत होतं की त्यांनी ओरडावं, हात उगारावा, चार बायकांना बोलवून मला गावाबाहेर काढावं. मला तेव्हा तेच हवं होतं. अनसूयाबाई मुलीच्या हाताकडे बघत होत्या.

"काल सकाळी अंगनवाडीचा माठ मीच भरला," त्या म्हणाल्या. "पानी पांढरं दिसत हुतं. वास बी येत हुता. बाया म्हनल्या, अनसूये, आज हे पानी पोरांस्नी देऊ नगं. मी म्हनलं, उगं भ्या घालू नका. काय बिघडलं असतं तर त्या बाई आल्या असत्या." त्यांनी पदरानं मुलीचं तोंड पुसलं. "पोरं पीत नव्हती, बाई. त्यांस्नी वास येत हुता. मी एकेकाला मांडीवर घेऊन पाजलं."